ताईला दोन तास सुट्टी!

या रविवारी कट्ट्यावर जायच्या आधी एक काम करा. घरात ताईचं किंवा वहिनीचं दीड-दोन वर्षांचं पिल्लू असेल, तर त्याला घेऊन बाहेर पडा. ताई घरी, मामा किंवा आत्या ड्युटीवर!

आपल्याकडे नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाबाला १५ दिवस. खासगी कंपनीतल्या बाबाला कायद्याने काहीच नाही. आणि खरी धावपळ तर रजा संपल्यावर, बाळ चालायला लागलं की सुरू होते.

लांब जायची गरज नाही. मुंबईत राणीबाग आहेच (बुधवारी बंद बरं का!). तुम्ही पेंग्विन दाखवाल, ते कावळ्याकडे बघत बसेल. बसू दे. त्याची ट्रिप तीच.

झोपेची वेळ टाळून निघा. पिशवीत पाणी, केळं, डायपर, जादा कपडे. पॉपकॉर्न, शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. रडलं की मोबाइल हातात द्यायचा मोह होईल. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच. त्यापेक्षा कडेवर घ्या, झाडाची पानं मोजा.

दोन तासांनी परत या. ताईनं तेवढ्यात काय केलं, हे मात्र विचारू नका. झोपली असेल, तर बेल न वाजवता आत या.