ओठावर फोड आला, लेकराला काय सांगायचं?

ताप उतरता उतरता पोरीच्या ओठाच्या कडेला बारीक, पाणीदार फोडांचा झुबका येतो. आजी म्हणते, "ताप मुतला." शेजारीण म्हणते, "पाल चाटली असेल." शाळेत पोरं लांब सरकतात. वस्तीत काम करताना आम्ही पाहतो, फोडापेक्षा या बोलण्यानंच लेकरू जास्त हिरमुसतं.

हा हर्पीस नावाचा विषाणू आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्याच कुणाच्या तरी मुक्यातून लागतो. जगातल्या ५० वर्षांखालच्या दर तिघांपैकी जवळपास दोघांच्या अंगात तो आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एकदा शिरला की तो चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत निपचित पडून राहतो. ताप, ऊन, थकवा आला की जागा होतो आणि नसेच्या वाटेनं ओठावर येतो. लेकराला एवढंच सांगा: "तुझ्यात एक झोपाळू जंतू आहे. तापानं त्याची झोप मोडली. आठ-दहा दिवसांत परत झोपेल. तुझी काही चूक नाही."

खरी अडचण पुढे आहे. खपली पडेपर्यंत पेला, चमचा, टॉवेल वेगळा ठेवावा लागतो, आणि आपल्या घरांत 'वेगळा पेला' हा साधा शब्द नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी वेगळ्या कपातला चहा प्यायलाय. तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला. म्हणून पेला वेगळा काढताना कारण सांगा आणि मुदतही सांगा: "जंतू लाळेतून जातो म्हणून. खपली पडली की पेला परत मांडणीवर." ताट मात्र सगळ्यांसोबतच वाढा. अंगात ताप नसेल तर शाळाही बुडवू नका.

फोड फोडू नये. हात लागला तर साबणानं धुवावा, तोच हात डोळ्याला लावू नये. चुना, टूथपेस्ट नको, कातडी भाजते. मेडिकलमधून मनानं खाजेची ट्यूब आणू नका; तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, त्यानं फोड चिघळतात. अँटिबायोटिकचा या विषाणूवर उपयोग नाही.

एका बाबतीत आम्ही कडक आहोत. ओठावर फोड असताना कुणीही, आजीनंसुद्धा, तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये. पहिल्या महिन्यात हाच विषाणू बाळाच्या जिवावर बेततो. असं बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, अंगावर फोड दिसले, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. मोठ्या लेकराचं तोंड आतून सोललं आणि पाणीही जाईना, किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तरीही थांबू नका.