किब्ल्याची रेघ आणि मोबाईलचे होकायंत्र

कळमन्यात मार्केट यार्डाच्या आसपास टिनाची गोदामे व कारखाने वाढले. बरेच मालक कामगारांच्या नमाजासाठी शेडमध्येच एक खोली राखतात. किब्ल्याची रेघ मात्र हल्ली मोबाईल पाहून मारली जाते. एकदा फरशी बसली आणि सफांच्या चटया कापून आल्या की रेघ बदलणे महागात पडते. म्हणून मालक व मिस्त्री बंधूंनी हे यंत्र समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

मोबाईलमध्ये सुई नसते. अनेक मोबाईलमध्ये चुंबकीय धातूच्या अतिपातळ थरांचे संवेदक असतात. एका थराचे चुंबकत्व पक्के बांधलेले असते, दुसऱ्याचे बाहेरच्या चुंबकत्वाबरोबर वळते. दोन्ही एका दिशेला आले की विजेला अडथळा कमी, उलट झाले की जास्त. इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’ या गुणावर चालणारा हा परिणाम १९८८ साली अल्बर्ट फर्ट व पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधला. त्यांना २००७ चे नोबेल मिळाले. काटकोनात बसवलेले तीन संवेदक दिशा आणि जोर दोन्ही सांगतात.

पण पृथ्वीचे चुंबकत्व कोणते आणि छताच्या लोखंडी कैचीचे कोणते, हे संवेदकाला कळत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय मोजमाप १९०४ साली अलिबागला न्यावे लागले. तिथे आपल्या शेडची काय कथा!

गज तपासल्याशिवाय आम्ही कापडवाले थान फाडीत नाही. तसेच इथे आधी जोर पाहावा. नागपुरात तो ४० ते ५० मायक्रोटेस्लाच्या दरम्यान असतो. मोबाईलवरचा आकडा याबाहेर गेला किंवा चार पावलांवर बदलला, तर तिथली दिशा धरू नये. चुंबकाचे कव्हर काढावे, लोखंड, मोटारी व वाहनांपासून दूर मोकळ्यावर दिशा घ्यावी आणि दोरीने रेघ आत आणावी.

मक्का व नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. तरीही पृथ्वी गोल असल्याने इथून किब्ला नेमक्या पश्चिमेपेक्षा सुमारे ८ अंश उत्तरेकडे येतो. किती फरक चालतो, हा मसला उलेमांचा. आम्ही फक्त मोजमापाचे बोलतो.

शेवटची खातरजमा बिनखर्चाची आहे. दरवर्षी २७-२८ मे रोजी दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य काबाशरीफच्या डोक्यावर असतो. त्या वेळी ओळंब्याची सावली पडेल, तीच किब्ल्याची रेघ. तोंड सूर्याकडे, सावलीच्या उलट करावे.