रस्त्यावरच्या कलाजत्रेत चित्रकाराचे पोट भरते का?

मागच्या गणपतीत वाक्वा येथे ताईच्या घरी जेवणे आटोपल्यावर भाच्याने एकदम विषय काढला. "मामा, अमेरिकेत रस्त्यावर तंबू ठोकून चित्रकार आपली चित्रे विकतात आणि त्यावर वर्षभर घर चालवतात असे ऐकले. मी जाऊ का?" भाच्याने मोका येथील महात्मा गांधी संस्थेत चित्रकलेचे शिक्षण घेतले आहे. दिवसा तो मुलांना शिकवतो, रात्री स्वतःची चित्रे रंगवतो आणि गाठीला थोडे पैसेही बांधून आहे. ताई काही बोलली नाही, पण तिने माझ्याकडे पाहिले ते मला कळले. मी म्हणालो, "जरा चौकशी करू दे, मग सांगतो."

माझी एक पुतणी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहते. तिच्या घरापासून ॲन आर्बर हे विद्यापीठाचे गाव जवळ आहे, आणि तिथली कलाजत्रा त्या देशातल्या मोठ्या जत्रांत मोजली जाते. पहिली जत्रा १९६० साली भरली. पुढे तिच्या शेजारीच आणखी जत्रा उभ्या राहिल्या, आणि आता जुलै महिन्यात त्या सगळ्या एकाच वेळी गावाच्या मधल्या रस्त्यांवर भरतात. सुमारे एक हजार कलाकार आणि लाखोंची गर्दी. पुतणीच्या शेजारच्या बाई मातीची भांडी बनवतात आणि कित्येक वर्षे अशा जत्रांना जात आहेत. त्यांच्याशी बोलून पुतणीने मला सगळे सविस्तर कळवले. त्यावरून आणि मी स्वतः वाचले त्यावरून हा लेख लिहीत आहे, कारण असा भाचा किंवा भाची पुष्कळ घरांत असेल.

वाचकहो, पहिली गोष्ट अशी की या जत्रेत कोणीही उठून चटई अंथरू शकत नाही. आधी अर्ज करावा लागतो. पूर्वी चित्रांच्या स्लाइड टपालाने पाठवीत आणि परीक्षक अंधाऱ्या खोलीत पडद्यावर त्या पाहत. कोडॅक कंपनीने २००४ साली स्लाइड प्रोजेक्टर बनवणे बंद केले आणि तेव्हापासून सगळे संगणकावर गेले. चार-पाच कामांचे फोटो आणि मांडलेल्या स्टॉलचा एक फोटो, एवढ्यावर काही सेकंदांत निकाल लागतो. डेन्व्हर शहरातील चेरी क्रीकच्या जत्रेला दोन हजारांवर अर्ज येतात आणि जागा असतात अडीचशेच्या आसपास. अर्जाची फी निवड झाली नाही तरी परत मिळत नाही. म्हणजे दहा ठिकाणी अर्ज करून तीन ठिकाणी निवड झाली तर सात फिया पाण्यात गेल्या.

निवड झाली की जागाभाडे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढी जागा मिळते. तंबू आपला, आतल्या जाळीच्या भिंती आपल्या, वाऱ्याने तंबू उडू नये म्हणून चारही पायांना बांधायची वजनेही आपलीच. ती वजने चुकवून चालत नाही. उन्हाळ्यातले वादळ दहा मिनिटांत येते आणि एकाचा तंबू उडाला तर शेजाऱ्याची काचेची भांडीही जातात.

आता हिशेब पाहू. हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, कोणत्याही एका जत्रेचे नाहीत. समजा अर्जाला ४० डॉलर, जागेला ७०० आणि पेट्रोल, खोली, जेवण मिळून ८०० गेले. चित्र रंगवायच्या आधीच १५४० डॉलर खर्ची पडले. तीन दिवसांत ४००० डॉलरची विक्री झाली असे मानू. त्यातून कॅनव्हास, रंग, फ्रेम, काच यांचे १००० वजा करा. लोक कार्डाने पैसे देतात, त्या कंपनीचे शेकडा तीन म्हणजे १२० वजा करा. उरले १३४०. जाण्यायेण्याचे आणि तंबू उभारण्याचे दिवस धरले तर हे सहा दिवसांचे श्रम झाले, आणि चित्रे काढायला लागलेले आठवडे यात धरलेलेच नाहीत. विक्री ४००० च्या जागी २००० झाली तर कच्चा माल निम्मा धरूनही माणूस घरी हातचे शंभर डॉलर घालूनच परततो. आणि एक दिवस पाऊस लागला तर २००० सुद्धा कठीण.

मग जुने लोक या जत्रांवर जगले कसे? शेजारच्या बाई सांगतात की त्या काळी भाडे थोडे होते आणि गिऱ्हाईक तरुण होते. नव्या घराच्या भिंती रिकाम्या होत्या. तीच माणसे आता म्हातारी झाली, मोठी घरे विकून लहान घरात जात आहेत, आणि आहेत तीच चित्रे मुलांना देऊ पाहतात. मुले ती घेत नाहीत. जत्रेतही खाण्याचे ठेले आणि गाणेबजावणे वाढले. गर्दी उदंड असते, पण तिच्या हातात चित्र नसते, सरबताचा पेला असतो. पुष्कळ जण चित्रासमोर उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. शिवाय काही स्टॉलवर कारखान्यातून आलेला माल हातचा म्हणून विकला जातो. नियमांत त्याला मनाई असते, पण गर्दीत कोण कोणाला तपासणार?

तरीही मी बाईंना विचारायला सांगितले की मग तुम्ही अजून का जाता? उत्तर सरळ आले. दुकानदार किंवा गॅलरीवाला विक्रीतला निम्मा भाग ठेवून घेतो, जत्रेत पैसे त्याच दिवशी आपल्या हातात पडतात. एकदा मग घेऊन गेलेले गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी वाडगा मागायला येते, आणि तीच त्यांची खरी मिळकत. त्या आता घरापासून दीड-दोन तासांवरच्याच जत्रा घेतात, रात्री घरी येऊन झोपतात. ज्यांचे खरेच पोट भरते ते हिवाळ्यात फ्लोरिडा, उन्हाळ्यात उत्तरेकडे, असे वर्षाला पंधरा-वीस जत्रांतून गाडी घेऊन फिरतात. तो मला चित्रकारापेक्षा फिरत्या व्यापाऱ्याचा धंदा वाटला. त्यात कमीपणा नाही, पण आपल्या भाच्याला तो हवा आहे का, हा प्रश्न वेगळा.

आपल्या बेटावरून जाणाऱ्याची गोष्ट तर आणखी कठीण. पर्यटकाच्या व्हिसावर तिथे नेमाने विक्री करता येत नाही, विक्रीकरासाठी त्या त्या राज्यात नोंद करावी लागते, आणि फ्रेम केलेली चित्रे विमानाने नेण्याचा खर्च चित्राहून जास्त होतो.

दुसरा नमुना भारतात आहे. बंगळूरला कर्नाटक चित्रकला परिषद गेली वीसहून अधिक वर्षे चित्रसंते भरवते. संते म्हणजे कानडीत बाजार. साधारण जानेवारीतल्या एका रविवारी कुमारकृपा रस्ता वाहनांना बंद होतो आणि हजारावर चित्रकार पदपथावर बसतात. २०२१ साली महामारीमुळे ती संगणकावर भरली, पुढे पुन्हा रस्त्यावर आली. शेपाचशे रुपयांचे चित्रही तिथे मिळते, म्हणून पहिल्यांदा चित्र घेणारी माणसे येतात. महाराष्ट्रातूनही चित्रकार जातात. एकाच दिवसाचा मामला असल्याने खर्च थोडा आणि बुडीतही थोडे. पण घासाघीस फार, आणि संध्याकाळी उरलेली चित्रे पुन्हा गाठोड्यात.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग कागद घेऊन त्याने विचारले, "मामा, फ्रेम न लावता, नळीत गुंडाळून, प्रवाशाच्या बॅगेत मावेल एवढेच चित्र काढले तर?" आम्ही दोघांनी ताईची शिवणाची फूटपट्टी घेतली आणि घरातली सर्वात लहान बॅग मोजली. पंचावन्न सेंटिमीटर. त्याच मापाच्या सहा कॅनव्हासचे काम त्याने सुरू केले आहे. अमेरिकेचे नाव मात्र अजून त्याने सोडलेले नाही. परवा पुतणीला त्याने कळवले की पुढच्या जुलैत जत्रेत शेजारच्या बाईंचा स्टॉल मांडायला मदत करायची असेल तर मी येतो, विकायला नाही, पाहायला.