सखाराम म्हटलं की...

"सखाराम? म्हणजे शाळेत पहिल्याच दिवशी पोरं त्याला बाइंडर म्हणणार. नाहीतर गटणे. तूच सांग, ह्यातलं कुठलं बरं?"

वहिनीचा हा मेसेज रात्री साडेअकराला आला. बाळ मांडीवर, फोन एका हातात, त्यामुळे टायपिंगच्या चुका भरपूर, पण राग मात्र अगदी शुद्धलेखनासकट पोचला. बाळ तेव्हा पाच दिवसांचं होतं. आणि त्याच संध्याकाळी दादाने जाहीर केलं होतं की मुलाचं नाव 'सखाराम' ठेवायचं. आमच्या आजोबांचं. आजोबा गेल्या दिवाळीत गेले. दादा त्यांचा फार लाडका, त्यामुळे त्याने हे तेव्हाच मनात पक्कं केलं असणार. फक्त बायकोला सांगायचं राहिलं होतं एवढंच!

वहिनी एचआरमध्ये आहे. दिवसाला पन्नास सीव्ही बघते. तिचं म्हणणं, नाव म्हणजे माणसाच्या आधी खोलीत शिरणारी गोष्ट, ती जरा बरी असावी. तिची लिस्ट तयार होती. विहान, रेयांश, अद्वैत. आता आमच्या सोसायटीच्या बागेत "विहाऽऽन" अशी हाक मारली तर चार पोरं घसरगुंडीवरून एकदम वळून बघतात, हे मी तिला सांगितलं नाही. पाच दिवसांच्या बाळंतिणीशी वाद घालण्याइतकी मी मूर्ख नाही.

पण मी ह्या भांडणात नुसती प्रेक्षक नव्हते ना. मी आत्या! बारशाला पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं, आणि त्यानंतर पाठीत धपाटे खायचे तेही आत्याने. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे माझ्या हातात सात दिवस होते, आणि दोन्ही पार्ट्या मला फितवायला बघत होत्या. अशा वेळी पत्रकार माणूस जे करतो तेच मी केलं. भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत सुटले : 'सखाराम म्हटलं की पटकन काय आठवतं?'

वहिनीचा अंदाज खोटा नव्हता. चाळिशीच्या पुढचे जवळजवळ सगळे दोनच उत्तरं देतात. आणि कुठलं उत्तर येणार हे त्यांच्या चेहऱ्यावरून आधीच कळतं. गटणे आठवला की माणूस हसतो. बाइंडर आठवला की आवाज थोडा खाली येतो.

पु. ल. देशपांड्यांचा सखाराम गटणे 'व्यक्ती आणि वल्ली'मधला. पुस्तक १९६२ चं. छापील मराठीत बोलणारा, पुस्तकांवर जगणारा, लेखकांकडे देवासारखा बघणारा भाबडा मुलगा. आजही ऑफिसात कुणी ईमेलमध्ये 'आपला नम्र' वगैरे लिहिलं की त्याचा गटणे होतो. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, विजय तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आला. तोही पुस्तकांतलाच माणूस, फक्त दुसऱ्या टोकाचा. हा पुस्तकं वाचत नाही, छापखान्यात ती बांधतो. मराठीतले हे दोन सगळ्यात गाजलेले सखाराम, आणि दोघांचाही संबंध पुस्तकांशी! ह्यात काही अर्थ आहे की नुसता योगायोग, देव जाणे. पण मला हे सुचलं तेव्हा लोकलमध्ये मी एकटीच हसले आणि समोरच्या बाईने पर्स जवळ ओढून घेतली.

बाइंडरचं ओझं मात्र जड आहे. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका हा घरी आणतो. जेवण, कपडा, डोक्यावर छप्पर. लग्न नाही. अटी सगळ्या त्याच्या. मारहाणही त्याचीच, आणि ह्यातलं काहीच तो लपवत नाही. निळू फुल्यांनी ही भूमिका केली, लालन सारंगांनी चंपा केली, दिग्दर्शन कमलाकर सारंगांचं. तेरा प्रयोगांनंतर परीक्षण मंडळाने नाटक अडवलं, मोर्चे निघाले, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथे नाटकाच्या बाजूने निकाल लागला. त्या सगळ्या लढाईवर सारंगांनी 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तकच लिहिलं. नाटक न बघितलेल्यांनाही त्याचं नाव माहीत झालं ते ह्या गाजावाजामुळे. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी तर सरळ सांगितलं, "तेंडुलकरांनी एक नाव महाराष्ट्रातून उठवलं बघ. त्यानंतर कोणी ठेवलं असेल तर मला दाखव."

हे सगळंच तेंडुलकरांवर ढकलणं मला पटत नाही. सत्तरच्या दशकात तुकाराम, गंगाराम, सीताराम, आत्माराम हेही पाळण्यातून गेलेच की. त्यांच्यावर कोणी नाटक लिहिलं होतं? एके काळी शेपटीला 'राम' जोडायचा तो सोयीसाठी. पोराला हाक मारता मारता देवाचं नाव तोंडात येतं, फुकटात पुण्य. मरताना 'नारायणा' म्हणून मुलाला हाक मारली आणि अजामिळ तरला, ही गोष्ट घराघरांत माहीत होती. पुढे पुण्यापेक्षा नाव सुटसुटीत असण्याची गरज वाढली आणि अमित, सचिन, राहुल आले. आता पुन्हा जुनी नावं फॅशनमध्ये आहेत. माधव, केशव, मल्हार, राघव परत आले. सखारामाला मात्र ह्या गाडीत तिकीट मिळालं नाही.

पंचविशीच्या आतल्यांना विचारलं तर गंमतच. गटणे नाही, बाइंडर नाही. तीन जणांना हिंदी सिनेमातला हवालदार आठवला. एकीने विचारलं, "ते सखी-सखाचं मेल व्हर्जन आहे का?" एक डिझायनर मुलगा डोळे मिटून म्हणाला, "सॉलिड आहे यार. एखाद्या कॉफी शॉपचं नाव वाटतं." वहिनीला मी हे एक उत्तर मुद्दाम कळवलं. तिने अंगठा पाठवला. खाली वळलेला.

मग उत्तरं महाराष्ट्राच्या नकाशावर पसरायला लागली. खानदेशातली माझी रूममेट दचकलीच. "असं नुसतं सखाराम नको म्हणू गं, महाराज म्हण!" अमळनेरला बोरी नदीकाठी संत सखाराम महाराजांची समाधी आहे, वैशाखात मोठी यात्रा भरते, रथ निघतो, पालखी निघते. तिच्या लहानपणी वर्षातला सगळ्यात मोठा सण दिवाळी नाही, तर ही यात्रा. पाळणे, भांड्यांची दुकानं आणि वाळूत हरवलेली तिची चप्पल. तिच्या डोक्यात ह्या नावाला यात्रेचा वास आहे. (अमळनेर म्हणजे साने गुरुजींची शाळा आणि विप्रोची सुरुवात जिथे झाली तेच गाव. आयटीवाल्यांनी खरं तर तिथे नारळ फोडून यायला हवं.)

पुण्याच्या एका मित्राने अर्थातच पेशवाई काढली. साडेतीन शहाण्यांपैकी सखारामबापू बोकील हे पूर्ण शहाणे आणि नाना फडणवीस अर्धे, असं त्याने मला दोनदा सांगितलं. पूर्ण शहाण्याचा शेवट कैदेत झाला, हे मात्र मी विचारल्यावरच बोलला.

सगळ्यात अनपेक्षित उत्तर एका बंगाली सहकाऱ्याकडून आलं. "शखाराम? ते तर आमचे!" मी म्हटलं, चल काहीतरीच. पण खरंच! सखाराम गणेश देऊस्कर. घराणं मूळचं कोकणातल्या देऊसचं, जन्म १८६९ चा, वाढले देवघरजवळ, म्हणजे आजच्या झारखंडात. आणि लिहिलं बंगालीत. इंग्रजांनी देश कसा लुटला हे मांडणारं त्यांचं 'देशेर कथा' १९०४ मध्ये आलं, गाजलं आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. म्हणजे बंदीचं आणि सखारामाचं नातं तेंडुलकरांच्याही आधीचं आहे! त्या सहकाऱ्याच्या कानाला ह्या नावात काही जुनाट, विनोदी, गावठी असं ऐकूच येत नाही. त्याला ते एका विद्वान संपादकाचं नाव वाटतं. एकच नाव, अठराशे किलोमीटर पलीकडे गेलं की कोट घालून उभं राहतं.

आठव्या दिवसापर्यंत वहिनीवर ह्या कशाचाच परिणाम झाला नव्हता. तिने शांतपणे विचारलं, "पंधरा सखाराम सांगितलेस. त्यातल्या किती जणांनी बायकांशी धड वागलेलं तुला माहितेय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मिळालं ते पक्षी बघत फिरणाऱ्या एका मैत्रिणीकडून. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये आठ जणांनी सुरू केली, त्यात दोनच भारतीय होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक. पण मला पुढचं कळलं तेव्हा मी उडालेच. हे रखमाबाईंचे सावत्र वडील. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं होतं. पुढे त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ मध्ये नवऱ्याने कोर्टात दावा लावला. घरातला कर्ता पुरुष 'लोक काय म्हणतील' म्हणून मुलीला पाठवून मोकळा झाला असता, तर त्या काळात कोणी त्याला नाव ठेवलं नसतं. डॉ. सखाराम अर्जुन मुलीच्या बाजूने उभे राहिले. १८८५ मध्ये ते गेले. पुढे १८८७ मध्ये कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला तेव्हा रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत-राजकोटला आयुष्यभर काम केलं.

हे सगळं मी वहिनीला रात्री पाठवलं. पहाटे तीनला, बहुतेक दूध पाजताना, तिचं उत्तर आलं. "हा सखाराम मला चालेल." आणि लगेच दुसरं : "पण हा कोणाला माहितेय?"

दहाव्या दिवशी मी डोंबिवलीला गेले. आजी बाळाला तेल लावत होती. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाच दिवस मी अर्ध्या भारताला विचारत फिरले आणि सखाराम नावाच्या माणसाबरोबर साठ वर्षं काढलेल्या बाईला सोडून! विचारलं. ती तेल चोळत म्हणाली, "ह्यांना तरी कुठे आवडायचं? ते नाटक आलं त्या साली ऑफिसात सगळे बाइंडर बाइंडर करायला लागले. मग हे कोणाला पूर्ण नाव सांगायचेच नाहीत. नुसतं आडनाव. एक दिवस एकटेच जाऊन ते नाटक बघून आले, मला नेलं नाही. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून स्वतः चहा केला. मला दिला. त्याआधी कधी केला नव्हता."

"मग?"

"मग काय! रोज करायला लागले. साखर जास्त घालायचे."

दादा दारात उभा राहून ऐकत होता. आजोबांचा सकाळचा चहा आम्हा दोघांनाही आठवतो. त्याची सुरुवात कधी झाली असेल, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि ठेवाल तुम्ही सखा... ते," आजी पुढे म्हणाली, "पण मी ह्याला हाक कशी मारू? नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात." साठ वर्षांत तिने ते नाव असंच घेतलं होतं, हळदीकुंकवाला, यमक जुळवून. पूर्वीच्या घरांमध्ये आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की घरातल्या बायका त्याला बापू, आबा, भाऊ असं काहीतरी म्हणायच्या, ते ह्याच अडचणीमुळे. दादाने कपाळावर हात मारला. ह्या बाजूने त्याने विचारच केला नव्हता.

शेवटी तह झाला. जन्म दाखल्यावर नाव घालायला बारा महिन्यांपर्यंत फी लागत नाही, त्यामुळे ती जागा सध्या कोरी. फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटखाली. त्याच्या शेजारी वहिनीची लिस्ट, त्यात खाली तिच्याच अक्षरात 'सखाराम' आणि पुढे प्रश्नचिन्ह. पाळण्यातलं नाव मात्र दादाच्या मनासारखं. बारशाला मी वाकले, कानात 'सखाराम' म्हटलं, 'कुर्र' केलं, आणि मावशी-काकूंनी माझ्या पाठीचं जे काय केलं ते मला दोन दिवस झोपताना आठवत होतं.

गडबड ओसरल्यावर बाळ रडायला लागलं. आजी पाळण्याशी आली, दोरी हातात घेतली, एक क्षण थांबली. मग आजोबांना वर्षानुवर्षं ज्या सुरात म्हणायची अगदी त्याच सुरात म्हणाली,

"अहो, ऐकलंत का? पुरे आता."