सहकुटुंब समुद्रापार

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, म्हणजे आमच्या सावनेरसारख्या गांवांतील सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हमखास निघतो: यंदा कोठें जावयाचें? पूर्वीं याचें उत्तर ठरलेलें असे. पचमढी, चिखलदरा, नाहीं तर रामटेक. आणि फार झालें तर काशीयात्रा. आतां पासपोर्टाची कचेरी नागपुरांतच आहे व विमानतळही तेथेंच आहे. तेव्हां तरुण मंडळींची दृष्टि समुद्रापलीकडील हिरव्या बेटांकडे व घनदाट अरण्यांकडे वळली, तर त्यांत नवल तें काय?

परंतु असा बेत निघतांच एकत्र कुटुंबांत दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर ‘आम्हां म्हाताऱ्यांस कशाला? आम्ही घर राखूं,’ असें म्हणून आजीआजोबा मागें राहतात, व मुलेंही त्यांचें म्हणणें जरा लवकरच मान्य करतात. नाहीं तर सारींच जातात, आणि घरची सून परक्या मुलुखांतही पहांटे उठून चहा, पोळ्या व डबे यांच्या चक्रांत अडकते. पहिल्या रीतीनें कुटुंब दुभंगतें. दुसऱ्या रीतीनें घरांतील बायकांस सुटी म्हणून मिळतच नाहीं. आमच्या मतें हे दोन्ही प्रकार टाळणें हें पैशापेक्षां योजनेचें काम आहे. साहस आधीं ठरवून त्यांत न बसणारीं माणसें गाळण्यापेक्षां, माणसें आधीं मोजून त्यांस झेपेल असें साहस शोधावें.

उदाहरणादाखल मॉरिशस बेट घेऊं. तें मुंबईहून विमानानें सुमारें सहा तासांवर आहे. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याच्या पांचव्या हिश्शाहूनही थोडें कमी. त्यामुळें एकाच ठिकाणीं बिऱ्हाड करून सारें बेट पाहतां येतें. रोज सामान बांधण्याचा व वृद्धांस हलविण्याचा त्रास वांचतो. शिवाय तें आपणांस अगदींच परकें नाहीं. १८३४ पासून उंसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून हिंदुस्थानांतून लाखों माणसें तेथें गेलीं. त्यांत कोंकणांतून मुंबई बंदरावाटें गेलेलीं मराठी कुटुंबेंही होतीं. त्यांचे वंशज आज घरीं बहुधा क्रिओल बोलतात. पण गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते व शाळांतून मराठी शिकविली जाते. पोर्ट लुई येथील अप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या मुलांस अवश्य दाखवाव्या. आपण जो समुद्र हौसेनें ओलांडतों, तोच त्या मजुरांनीं पोटासाठीं ओलांडला, ही जाणीव त्यांस झाली पाहिजे.

ऋतूंचा विचार मात्र उलटा करावा लागतो. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें, मे महिन्यांत इकडे पारा ४५ अंशांजवळ पोंचतो तेव्हां तेथें हिवाळा लागत असतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्री वादळांचा काळ. त्यांतही जानेवारी ते मार्च हे महिने टाळावे. म्हणजे नाताळापेक्षां उन्हाळ्याची, अथवा दिवाळी ऑक्टोबरांत आली तर दिवाळीची सुटी अधिक सोयीची.

अरण्याची आवड असणाऱ्यांनीं हेंही आधींच समजून घ्यावें कीं, तेथें वाघ-बिबटे नाहींत. तेथील वैभव दुर्मिळ वृक्षांचें व पांखरांचें आहे. डोडो हा न उडणारा पक्षी याच बेटावरचा. माणसाची वस्ती झाली आणि सतराव्या शतकांतच तो नामशेष झाला. तेथील लहान ससाणाही त्याच वाटेवर होता. १९७४ सालीं रानांत अवघे ४ पक्षी उरल्याचें ठाऊक होतें; पण अंडीं जपून उबवून व वाढविलेलीं पिलें रानांत सोडून ही जात वांचविण्यांत आली. ही हकीकत ऐकून रानांत शिरलेलें मूल झाडाची फांदी उगाच मोडणार नाहीं.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हें राष्ट्रीय उद्यान १९९४ सालीं स्थापन झालें. त्याच्या परिसरांत एक दिवस कसा आंखावा तें पहा. सकाळीं सर्वांनीं गंगा तलावावर जावें. ज्वालामुखीच्या मुखांत साठलेल्या या सरोवरांत १९७२ सालीं गंगाजल मिसळण्यांत आलें, व तेथील हिंदूंचें तें मोठें तीर्थ आहे. जवळच्या पेत्रँ येथून मशाबेच्या अरण्यांत पायवाट जाते. तरुणांनीं व चालणाऱ्या मुलांनीं वाटाड्या घेऊन तिकडे वळावें. आजीआजोबांनीं मोटारीनें दरी पाहण्याच्या ठिकाणीं जावें, तेथें रस्त्यापासून थोडेंच चाललें कीं सारें खोरें डोळ्यांखालीं येतें. दुपारीं शामारेल येथें, सप्तरंगी मातीच्या उंचवट्यांपाशीं, दोन्ही तुकड्यांनीं एकत्र यावें व आपापलें पाहिलेलें एकमेकांस सांगावें. पठारावर पाऊस केव्हांही येतो. छत्र्या विसरूं नयेत.

समुद्राविषयीं अधिक सावध राहावें. विदर्भांतील आपलीं मुलें विहिरींत-तलावांत पोहावयास शिकलेलीं. खाऱ्या पाण्याची ओढ त्यांच्या परिचयाची नसते. बेटाभोंवतीं बहुतेक ठिकाणीं प्रवाळांची भिंत असल्यामुळें आंतील पाणी उथळ व शांत असतें. परंतु भिंतीस जेथें खिंड असते तेथें ओढ जबर असते. दक्षिणेस ग्री-ग्री येथें ती भिंतच नाहीं. तेथें पाण्यांत उतरूं नये. दगडासारखा दिसणारा, विषारी कांट्यांचा मासाही उथळ पाण्यांत पडून असतो, यास्तव जाड रबरी तळाचे जोडे घातल्यावांचून कोणींही पाण्यांत पाऊल टाकूं नये.

आतां स्वयंपाकाचा प्रश्न. बिऱ्हाडास स्वयंपाकघर असावें, पण त्याचा ताबा घरच्या बायकांकडे नसावा. दिवसाचें एक जेवण बाहेर घ्यावें. डाळ भरलेली तेथील ढोलपुरी शाकाहारी मंडळींस सहज आवडेल. दुसरें जेवण पुरुषांनीं व मोठ्या मुलांनीं करावें. खिचडी बिघडली तरी यात्रा बिघडत नाहीं. लाडू-चिवडा न्यावा, पण आपल्या संत्र्यांची करंडी घरींच ठेवावी. परवान्यावांचून ताजीं फळें व रोपें तेथें नेतां येत नाहींत. परक्या वनस्पतींनीं व किडींनीं त्या बेटाच्या रानाची आधींच बरीच हानि केली आहे.

हे सारे प्रयोग प्रथम परदेशांत करूं नयेत. पेंचचें अरण्य सावनेरपासून एका दिवसांत जाऊन येण्याइतकें जवळ आहे. १९७५ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें व १९९९ सालीं व्याघ्रप्रकल्प. पावसाळ्यांत गाभ्याचें जंगल बंद असतें, तो काळ सोडून सबंध कुटुंबानें तेथें दोन दिवस मुक्काम करावा. आजींस जीपमध्यें तीन तास बसवतें कीं नाहीं, कोणास गाडी लागते, मुलें किती वेळ गप्प राहतात, पुरुषांस खिचडी जमते कीं नाहीं, हें सारें तेथें थोड्या खर्चांत कळतें.

कागदपत्रांचें काम एकाच माणसाकडे सोंपवावें. १५ वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट फार तर ५ वर्षेंच चालतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. भारतीय पर्यटकांस मॉरिशसचा व्हिसा आगाऊ काढावा लागत नाहीं. तथापि परतीचें तिकीट व राहण्याच्या जागेची पावती जवळ असावी, आणि निघण्यापूर्वीं नियम पुन्हा पडताळावे. वृद्धांचीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातांतील पिशवींत ठेवावीं. प्रवासाचा विमा उतरवितांना जुन्या दुखण्यांचा त्यांत समावेश आहे कीं नाहीं, तें विचारून घ्यावें.

शेवटीं एक सूचना. बेताची पहिली बैठक बसेल तेव्हां कोणत्याही जागेचें नांव काढण्यापूर्वीं आजींस विचारावें, ‘तुम्हांस काय पाहावयाचें आहे?’ पुष्कळ घरांतून हा प्रश्न त्यांस कोणीं कधीं विचारलेलाच नसतो. उत्तर कदाचित् ‘समुद्र’ असें येईल. आमच्या या भागांत जन्म काढलेल्या कित्येक आजींनीं तो अजून एकदांही पाहिलेला नाहीं.