सामूहिक प्रकल्प : श्रम कोणाचे, गुण कोणाला?

महाविद्यालयीन शिक्षणात सामूहिक प्रकल्पाला आता मानाचे स्थान मिळाले आहे. अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला तो पूर्वीपासून होताच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अन्य शाखांतही प्रकल्पकार्याचे महत्त्व वाढले. पाठांतरातून सुटून विद्यार्थ्यांनी एकत्र काम करावे, हा हेतू स्तुत्यच आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी निराळेच घडते. हजेरीपटाच्या क्रमाने गट पाडले जातात, विषय वाटले जातात आणि थेट सत्राअखेरीस वही तपासली जाते. मधल्या काळात एखादा विद्यार्थी रात्री जागून ती पुरी करतो; उरलेले मुखपृष्ठावर नाव छापले गेले की कृतार्थ होतात. गुण मात्र सर्वांना सारखे!

याला आजच्या पिढीचा आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नाही. फ्रेंच कृषि-अभियंता मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार एकट्या माणसाचे बळ १०० धरले, तर दोघांत ते प्रत्येकी ९३ आणि आठ जणांत अवघे ४९ भरते. यात ताळमेळ न जमण्याचाही भाग होता. परंतु १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स व हार्किन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना असे आढळले की, इतरही आपल्याबरोबर ओरडत आहेत या नुसत्या समजुतीनेही माणसाचा आवाज उतरतो. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार हे कळताच ही चुकारी मावळते, हेही त्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले.

गैरहजर राहणारा प्रत्येक जण चुकारच असतो, असेही नाही. कोणी दुपारी नोकरीवर जातो, कोणाला शेवटची एस. टी. गाठावयाची असते, एखाद्या मुलीला दिवेलागणीपूर्वी घरी पोचणे भाग असते. इंग्रजी सफाईने बोलणारा सादरीकरण बळकावतो आणि माहिती गोळा करणारा मागच्या बाकावर मुका बसतो. मग एकाचे श्रम लुबाडले जातात, तर दुसऱ्याची शिकण्याची संधी.

उपाय खर्चाचे नाहीत. गट तीन-चार जणांचाच असावा. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाचा वाटा लेखी ठरावा. गटाच्या बैठकीसाठी वेळापत्रकातच तास राखून ठेवावा. निम्मे गुण सामाईक, निम्मे वैयक्तिक असावेत. आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला सोबत्याच्या भागावरही प्रश्न विचारावा, म्हणजे एकमेकांना शिकविणे ओघानेच येईल. अर्थात, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाच्या माथी गटांची रांग मारून हे साधणार नाही. मार्गदर्शनाचे तास त्याच्या कार्यभारात धरले गेलेच पाहिजेत.

अशा हिशेबाने सहकार्याची भावना मरेल, अशी शंका काहीजण घेतात. मराठी खेड्यांतील सावड आणि इर्जिक यांकडे त्यांनी पाहावे. एकाच्या शेतावर सारे औत घेऊन जात. पण कोण आला आणि कोण आला नाही, हे अवघ्या गावाला ठाऊक असे. त्या जाणिवेवरच परस्परांचा विश्वास उभा होता. राबणारा आणि न राबणारा यांना एकाच मापाने मोजणारे महाविद्यालय सहकार्य शिकवीत नाही. प्रामाणिकपणा हा तोट्याचा व्यवहार आहे, एवढेच ते शिकविते. आणि हा धडा विद्यार्थी पदवीबरोबर कचेरीत घेऊन जातो.