भूक पहिलीच्या वर्गाआधीची
(लेखांक 4)

मागच्या लेखात आपण अंगणवाडीच्या वजनकाट्यापर्यंत आलो होतो. सहा वर्षं पूर्ण झाली की मूल त्या काट्यावरून उतरतं आणि पहिलीत जाऊन बसतं. तिथे दर महिन्याला त्याचं वजन कुणी करत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं, तेवढंच.

पैठण, सोयगावकडे कापूस वेचणीच्या दिवसांत आई उजाडताच रानात गेलेली असते. मजुरी किलोवर, म्हणून ऊन चढायच्या आत जेवढा होईल तेवढा वेचायचा. पोरगं कोऱ्या चहात टोस्ट बुडवून खातं आणि दप्तर उचलतं. दुपारी शाळेत खिचडी मिळते, तोच त्याचा दिवसातला पहिला धड घास. पहिली ते पाचवीसाठी या आहाराचं माप ठरलेलं आहे: 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, म्हणजे 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. हे माप घरच्या जेवणाला जोड म्हणून धरलेलं आहे. अशा घरांत तेच मुख्य जेवण होऊन बसलंय.

घरी रेशनचा गहू-तांदूळ असतो, डाळ विकतची. बाजरीच्या पाटात मूग-मटकी, बांधाला शेवगा असायचा. आता रानभर कपाशी नाहीतर मका. त्याचा पैसा हातात आला की आधी बियाणं-खताची उधारी फिटते. ताटात भाकरी, ठेचा आणि पातळ वरण. नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू झालं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि ते लोकसहभागावर सोडलं. ज्या गावाला स्वतःच्याच लेकरांना अंडं परवडत नाही, त्याने वर्गणी कुठून काढायची? हा निर्णय मागे घेतला पाहिजे.

पण मुलाची खुंटलेली उंची शाळेच्याही आधीची असते. गर्भारपणात आणि पहिल्या दोन वर्षांत जे हुकलं, ते पुढे पुरतं भरून निघत नाही. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन 2005 मध्ये आपल्याच शहरातून, तेव्हाच्या औरंगाबादेतून, सुरू झालं. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं खुजी आढळली आणि निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हे हुकणं लग्नापासूनच सुरू होतं. तिथे उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. म्हणून मुलींची लग्नं लवकर उरकतात. सतरा वर्षांची पोर पोटुशी असताना मोळ्या वाहते. तिचं बाळ कमी वजनाचं जन्मलं तर दोष तिच्या स्वयंपाकाला कसा द्यायचा?

दिवाळीनंतर ही बिऱ्हाडं कारखान्यांकडे निघतात आणि मूलही सोबत जातं. उसाच्या फडाजवळच्या कोपीत शाळेची खिचडी पोचत नाही. परत येईस्तोवर उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आलेली असते. या मुलांना गावातच ठेवून जेवू घालणारी हंगामी वसतिगृहं पहिला ट्रक निघण्याआधी उघडायला हवीत. ती कशी चालतात आणि कुठे अडतात, ते पुढच्या लेखात पाहू.